एका धावेचे अंतर

२ ऑक्टोबर १९७८, सोमवार. आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी होती. अमेरिकेतील बोस्टन शहरात मात्र तो कामाचा दिवस होता, आणि तरीही भर दुपारी ३२,९२५ माणसे कामधंदा सोडून फेनवे पार्क नावाच्या मैदानात येऊन बसली होती. जे आत येऊ शकले नाहीत त्यांनी कचेऱ्यांतून आणि दुकानांतून रेडिओ व दूरचित्रवाणी संच लावले होते. बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज या दोन बेसबॉल संघांचा तो सामना यांकीजनी ५-४ असा, म्हणजे एका धावेने जिंकला. बेसबॉलमध्ये एका धावेचा निकाल ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही. असे निकाल तेथे रोज लागतात. परंतु या एका धावेमागे सहा महिने आणि प्रत्येकी १६२ सामने उभे होते, आणि म्हणूनच जवळपास अर्धशतक उलटून गेल्यावरही तिची चर्चा थांबलेली नाही.

आपल्या काही महाविद्यालयांतून सॉफ्टबॉल खेळला जातो, त्या खेळाडूंना बेसबॉलची ओळख करून देण्याचे कारण नाही. इतर वाचकांसाठी मात्र चार शब्द सांगणे आवश्यक आहे. मैदानाचा एक कोपरा धरून चौकोन आखलेला असतो आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चौथा तो ‘होम’. फलंदाज तेथेच उभा राहतो. त्याच्या समोरून पिचर चेंडू फेकतो, टप्पा न पाडता. चेंडू टोलवून फलंदाज पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून धावत पुन्हा होमवर पोहोचला की एक धाव. क्रिकेटमधला फलंदाज दिवसभर उभा राहू शकतो. येथे ती सोय नाही. तीन गडी बाद झाले की डाव संपतो, असे प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात, आणि पाहुणा संघ प्रत्येक वेळी आधी खेळतो. पिचरने चार चेंडू कक्षेबाहेर टाकले तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो. चेंडू सरळ कुंपणापलीकडे गेला तर तो होमरन. मग फलंदाज आणि त्या वेळी बेसवर जितके सोबती उभे असतील तितके सगळे घरी येतात. म्हणजे क्रिकेटच्या षटकाराला ठरलेली किंमत असते, होमरनची किंमत मात्र त्या क्षणी बेसवर कोण आहे यावर ठरते. हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

दुसरा भेद स्पर्धेच्या रचनेचा. आपल्याकडे रणजी करंडकाचा निकाल शेवटी बाद फेरीत लागतो. १९९१ साली वानखेडे मैदानावर हरियाणाने मुंबईला अंतिम सामन्यात अवघ्या दोन धावांनी हरवले आणि १३९ धावांवर नाबाद राहिलेल्या दिलीप वेंगसरकरांच्या डोळ्यांत पाणी आले, ते अनेकांना आठवत असेल. तो घाव एका सामन्याचा होता. बेसबॉलची रीत निराळी. एप्रिलपासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज एक सामना, एकूण १६२, आणि त्या सर्वांची मिळून एक जमाखर्चाची वही. जो वहीत पहिला, त्याला ‘पेनंट’ म्हणजे विजयपताका. पूर्वी खरोखरच कापडी पताका मैदानावर फडकवीत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. १९७८ मध्ये अमेरिकन लीगमध्ये चौदा संघ होते. त्यांचे पूर्व आणि पश्चिम असे सात-सात संघांचे दोन विभाग. दोन विभागांतले पहिले दोघे एकमेकांशी खेळून पताका कोणाची ते ठरवीत आणि ती मिळविणारा संघ दुसऱ्या लीगच्या विजेत्याशी ‘वर्ल्ड सीरीज’ खेळे. विभागात जो दुसरा आला त्याला काहीही नाही. तो घरी.

या वहीतले एक माप समजून घेतले पाहिजे, ते म्हणजे ‘इतक्या सामन्यांनी मागे’. समजा, एका संघाने ६० जिंकले आणि ३० हरले. दुसऱ्याने ४६ जिंकले, ४४ हरले. विजयांतले अंतर चौदा, पराभवांतले अंतर चौदा, त्यांची सरासरी चौदा. म्हणजे दुसरा संघ चौदा सामन्यांनी मागे आहे. ही दरी भरून काढायची तर पुढच्याने ओळीने चौदा हरावेत आणि मागच्याने त्याच काळात ओळीने चौदा जिंकावेत, किंवा हेच काम हळूहळू दोन-तीन महिन्यांत व्हावे. १९ जुलै १९७८ रोजी यांकीज रेड सॉक्सच्या मागे नेमके चौदा सामने होते आणि विभागात चौथ्या स्थानावर होते. खेळ समजणाऱ्या कोणीही त्या दिवशी त्यांच्यावर पैसा लावला नसता.

त्यातून यांकीजच्या घरात भाऊबंदकी चालली होती. मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर, प्रशिक्षक बिली मार्टिन आणि संघातला सर्वांत मोठा फलंदाज रेजी जॅक्सन, या तिघांपैकी कोणत्याही दोघांचे आपसांत पटत नव्हते. जुलैच्या मध्यावर प्रशिक्षकाची खूण धुडकावून जॅक्सनने आपल्याच मनाप्रमाणे चेंडू हळूच थोपटण्याचा प्रयत्न केला, त्यावरून तो निलंबित झाला. मग मार्टिन पत्रकारांपुढे मालकाविषयी नको ते बोलून बसला आणि २४ जुलैला त्याने डोळ्यांत पाणी आणून राजीनामा दिला. त्याच्या जागी आला बॉब लेमन. शांत, फारसे न बोलणारा माणूस. स्वतः जुना नामांकित पिचर. खेळाडूंना त्याने त्यांच्या जागा दिल्या आणि आपण बाजूला बसला. योगायोग असा की १० ऑगस्टपासून न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांत संप सुरू झाला आणि तो हंगाम संपेपर्यंत मिटला नाही. रोज कोण कोणाला काय म्हणाला हे छापणारेच कोणी नव्हते, त्यामुळे संघाला थोडी शांतता मिळाली असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या आपल्या मित्रांनी हे मनाला लावून घेऊ नये!

बोस्टनकडे याच्या उलट घडत गेले. संघ गुणवान होता, यात शंका नाही. जिम राइसने त्या वर्षी ४६ होमरन मारले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून तोच निवडला गेला. पण दुखापती सुरू झाल्या. शॉर्टस्टॉपच्या जागेवरील रिक बर्लसनचा घोटा दुखावला. ड्वाइट एव्हन्सच्या डोक्याला चेंडू लागला. तिसऱ्या बेसवरचा बुच हॉबसन कोपरात हाडाचे तुकडे सुटले असतानाही खेळत राहिला आणि हंगामात त्याच्या हातून ४३ चुका झाल्या. प्रशिक्षक डॉन झिमर याचा आपल्या नेहमीच्या नऊ जणांवर भारी विश्वास. विश्वास हा गुणच, परंतु १६२ सामन्यांच्या हंगामात राखीव खेळाडूंना बाकावर बसवून ठेवणे म्हणजे एकाच बैलजोडीने सगळे शेत नांगरणे होय. माझ्या मते बोस्टनची खरी हार येथे झाली. २ ऑक्टोबरला तिची फक्त नोंद झाली.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चौदाचे अंतर चारवर आले आणि ७ सप्टेंबरला यांकीज चार सामन्यांसाठी बोस्टनला आले. निकाल असे लागले : १५-३, १३-२, ७-०, ७-४. चारही यांकीजचे. चार दिवसांत ४२ धावा विरुद्ध ९. अमेरिकेच्या इतिहासात १७७० साली इंग्रज शिपायांनी बोस्टनच्या रस्त्यात केलेल्या गोळीबाराला ‘बोस्टनचे हत्याकांड’ म्हणतात. वृत्तपत्रांनी तेच नाव या चार सामन्यांना दिले. चौथ्या दिवशी झिमरने चेंडू कोणाच्या हाती दिला? बॉबी स्प्राउल नावाच्या अगदी नवख्या मुलाच्या. यांकीजविरुद्ध वर्षानुवर्षे चांगली कामगिरी केलेला बिल ली त्याच वेळी बाजूला बसून होता; त्याचे आणि झिमरचे पटत नव्हते. तो पोरगा पहिला डावही पूर्ण टाकू शकला नाही. चार दिवसांपूर्वी चार सामन्यांनी पुढे असलेला संघ आता बरोबरीत आला, आणि आणखी आठवडाभरात यांकीज साडेतीन सामन्यांनी पुढे निघून गेले.

कथा येथे संपली असती तर ती नेहमीची झाली असती : चढलेला खाली आला, एवढीच. परंतु ज्या रेड सॉक्सना सारे जग मोडीत काढून बसले होते त्यांनी शेवटचे आठ सामने ओळीने जिंकले. यांकीजही हरत नव्हते, त्यामुळे शेवटच्या दिवशी एका सामन्याचे अंतर उरले. १ ऑक्टोबरला बोस्टनने टोरँटोला ५-० हरवले. यांकीजची गाठ होती क्लीव्हलँडशी. क्लीव्हलँड विभागात सहाव्या स्थानी, त्यांना त्या दिवशी ना काही मिळवायचे होते ना गमवायचे. तरीही त्यांचा पिचर रिक वेट्स असा काही खेळला की यांकीज ९-२ असे हरले. बोस्टनच्या मैदानावरील फलकावर त्याच दिवशी रिक वेट्सचे आभार झळकले. दोन्ही संघ ९९ विजय, ६३ पराभव. १६२ सामन्यांनंतर तराजूचे काटे अगदी समोरासमोर.

अशा वेळी एक जादा सामना खेळण्याचा नियम होता, आणि तो कोठे व्हायचा हे नाणेफेकीने आधीच ठरले होते : बोस्टन. अमेरिकन लीगमध्ये अशी वेळ याआधी एकदाच, १९४८ साली आली होती. तेव्हाही मैदान हेच, यजमान हेच रेड सॉक्स, आणि जिंकणारा संघ क्लीव्हलँड. त्या क्लीव्हलँड संघातला एक पिचर म्हणजे आता यांकीजच्या तंबूत बसलेला बॉब लेमन.

फेनवे पार्कविषयी थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. हे मैदान १९१२ सालचे, शहराच्या रस्त्यांमध्ये कसेबसे बसवलेले. त्याची डावी बाजू आखूड आहे, होमपासून जेमतेम ३१० फूट. ती भरून काढण्यासाठी तेथे ३७ फूट उंचीची भिंत उभी आहे. तिला हिरवा रंग दिलेला आहे, आणि लोक तिला ‘हिरवा राक्षस’ म्हणतात. दुसऱ्या मैदानावर हवेत उंच गेलेला जो झेल क्षेत्ररक्षक सहज घेईल तो येथे भिंतीवरून पलीकडे जाऊ शकतो. उलट दुसरीकडे जो सणसणीत फटका होमरन ठरेल तो येथे भिंतीवर आपटून परत येतो. उजवीकडच्या मैदानात दुपारचा सूर्य क्षेत्ररक्षकाच्या डोळ्यांवर येतो. भिंत आणि सूर्य, दोन्ही गोष्टी सर्वांना ठाऊक होत्या आणि दोन्ही संघांना सारख्याच लागू होत्या.

यांकीजतर्फे रॉन गिड्री उतरला. सडपातळ अंगकाठीचा हा डावखुरा पिचर त्या वर्षी २४ सामने जिंकून केवळ ३ हरला होता. परंतु त्याला नेहमीपेक्षा एक दिवस कमी विश्रांती मिळाली होती. बोस्टनकडून माईक टॉरेझ. हा आदल्याच वर्षी यांकीजकडून खेळून वर्ल्ड सीरीज जिंकून आलेला. दुसऱ्या डावात कार्ल यास्ट्रझेम्स्कीने गिड्रीचा चेंडू उजवीकडच्या कुंपणापलीकडे मारला. १-०. ‘यॅझ’ या लाडक्या नावाने ओळखला जाणारा हा खेळाडू तेव्हा ३९ वर्षांचा होता. १९६७ आणि १९७५ अशा दोन वर्ल्ड सीरीज तो खेळला आणि दोन्ही वेळा सातव्या, शेवटच्या सामन्यात हरला. बोस्टनला या माणसासाठी जिंकायचे होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

सहाव्या डावात राइसच्या फटक्यावर बर्लसन घरी आला, २-०. दोन गडी बेसवर, दोन बाद, आणि समोर फ्रेड लिन. डावखुऱ्या लिनने चेंडू उजव्या कोपऱ्याकडे जोरात मारला. तो जमिनीवर पडला असता तर दोन धावा मिळून सामना तेथेच संपल्यात जमा होता. पण लू पिनेला तेथे उभा होता. सर्वसाधारणपणे तो तेथे नसता. परंतु गिड्री थकला आहे, त्याच्या चेंडूची गती उतरली आहे, तेव्हा लिनसारखा फलंदाज तो आपल्या बाजूला ओढणार, असा हिशेब करून पिनेला आपली जागा सोडून कोपऱ्याकडे सरकला होता. झेल झाला. धावफलकावर या झेलाची नोंद एका बादाखेरीज काही नाही. बेसबॉल पाहणारा नवखा माणूस अशा वेळी चेंडूकडे पाहतो. जाणकार मात्र चेंडू फेकला जाण्यापूर्वीच मैदानात कोण कोठे उभा आहे ते पाहून ठेवतो.

सातव्या डावात यांकीजचा एक गडी बाद झाल्यावर ख्रिस चॅम्ब्लिस आणि रॉय व्हाइट बेसवर पोहोचले. दुसऱ्या बेसवर खेळणारा ब्रायन डॉयल दुबळा फलंदाज, म्हणून त्याच्याऐवजी जिम स्पेन्सरला पाठवले. तो बाद झाला. आता पाळी नवव्या क्रमांकाच्या बकी डेंटची. डेंट शॉर्टस्टॉप, हाताचा चपळ, पण बॅटने गरीब. साऱ्या हंगामात त्याचे होमरन चार. एरवी अशा वेळी लेमन त्यालाही बदलत असे. परंतु दुसऱ्या बेसवरचा मूळ खेळाडू विली रँडॉल्फ दुखापतीने घरी होता. डॉयलला आत्ताच बाहेर काढले होते. डेंटलाही काढले असते तर ती जागा सांभाळायला माणूसच उरला नसता. म्हणजे डेंट फलंदाजीला राहिला तो निवडीने नव्हे, निरुपायाने.

त्याने एक चेंडू स्वतःच्याच पायावर मारून घेतला आणि लंगडत बाजूला झाला. वैद्यकीय मदतनीस धावत आला. हा खोळंबा चालू असता टॉरेझने खांदा गरम ठेवण्यासाठी सरावाचे चेंडू टाकले नाहीत. इकडे, पुढची पाळी असलेल्या मिकी रिव्हर्सचे लक्ष गेले की डेंटच्या बॅटला चीर पडली आहे. त्याने दुसरी बॅट पाठवली. डेंट परतला आणि टॉरेझचा पुढचा चेंडू त्याने डावीकडे उंच उडवला. डाव्या मैदानात यॅझ होता. त्या भिंतीवरून उसळणारे चेंडू त्याच्याइतके कोणी ओळखत नसे. तो भिंतीकडे सरकला, चेंडू आपटून परत येईल या अपेक्षेने वळला, वर पाहिले, आणि त्याचे गुडघे किंचित वाकले. चेंडू भिंतीवरून जाऊन वरच्या जाळीत पडला होता. चॅम्ब्लिस, व्हाइट आणि डेंट, तीन धावा. ३-२. मैदानात असा सन्नाटा पसरला की धावणाऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकू यावा.

सर्वसामान्य समजूत अशी की सामना येथे निकालात निघाला. तसे नाही, आणि धावांचा हिशेब नीट मांडला की ते ध्यानात येते. डेंटच्या होमरनने यांकीजना एका धावेची आघाडी मिळाली, बस्स. त्यानंतर रिव्हर्सला फुकट बेस मिळाला, टॉरेझ गेला आणि बॉब स्टॅन्ली आला, रिव्हर्सने दुसरा बेस चोरला आणि थर्मन मन्सनच्या फटक्यावर तो घरी आला, ४-२. आठव्या डावात जॅक्सनने होमरन मारला, ५-२. त्या वेळी ही पाचवी धाव म्हणजे श्रीमंताघरचा जादा दागिना वाटली असेल. पण आठव्याच डावात बोस्टनने रेमी, यॅझ, फिस्क आणि लिन यांच्या फटक्यांवर दोन धावा परत मिळवल्या. ५-४. म्हणजे विजयाची धाव हिशेबाने जॅक्सनची ठरते. नाव मात्र डेंटचे झाले. लोकांच्या स्मरणात हिशेब राहत नाही, धक्का राहतो. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याने मारले तर तो त्याचा पगार. ज्याच्याकडून नसते त्याने मारले तर ती दैवगती.

नववा आणि शेवटचा डाव. यांकीजकडून आता गिड्रीच्या जागी आडदांड, झुबकेदार मिशांचा, वेगवान ‘गूस’ गॉसेज पिचर होता. एक गडी बाद झाल्यावर बर्लसनला फुकट बेस मिळाला. रेमीने उजवीकडे सरळ फटका मारला. पिनेला सूर्याकडे तोंड करून उभा. चेंडू त्याला दिसलाच नाही! परंतु त्याने चेहऱ्यावर तसे दिसू दिले नाही. चेंडू आपल्या आवाक्यात असल्यासारखे हात पसरून तो उभा राहिला, त्यामुळे झेल होतो की काय या शंकेने बर्लसन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मध्ये अडखळला. चेंडू पिनेलाच्या डाव्या बाजूला टप्पा पडून उसळला, त्याने अंदाजाने हातमोजा पुढे केला, आणि चेंडू त्यात शिरला. बर्लसनला दुसऱ्या बेसवर थांबावे लागले.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. पुढचा फलंदाज राइस. त्याने चेंडू उजवीकडे खोलवर मारला. पिनेलाने तो झेलला, पण चेंडू इतका दूर होता की झेलानंतर बर्लसन धावत तिसऱ्या बेसवर गेला. आता तो आधीच तिसऱ्या बेसवर असता तर? याच झेलावर तो आरामात घरी आला असता, ५-५ झाले असते. आणि पिनेलाच्या हातमोज्यातून तो चेंडू निसटला असता तर बर्लसन तिसऱ्यावर नव्हे, कदाचित घरीच पोहोचला असता आणि मागून रेमीही फार लांब राहिला नसता. हिरव्या भिंतीवरून गेलेला चेंडू सर्वांनी पाहिला. माझा कौल विचाराल तर सामना जिंकला तो न दिसलेल्या चेंडूसाठी पुढे केलेल्या त्या हातमोज्याने.

दोन बाद, बर्लसन तिसऱ्यावर, रेमी पहिल्यावर, एका धावेची पिछाडी. फलंदाज यास्ट्रझेम्स्की. नाटककाराने असा प्रवेश लिहिला असता तर समीक्षकांनी त्याला बेतीव म्हणून हसले असते. पहिला चेंडू खाली, यॅझने सोडला. दुसरा चेंडू आत घुसला. त्याने बॅट फिरवली, आणि चेंडू सरळ वर, तिसऱ्या बेसच्या बाजूला आकाशात गेला. ग्रेग नेटल्स खाली उभा राहिला. झेल. ५-४.

जादा सामना हिशेबात हंगामाचाच भाग धरला जाई. त्यामुळे गिड्रीचे विजय २५ झाले, डेंटचे होमरन ५, यांकीजचे विजय १०० आणि रेड सॉक्सचे पराभव ६४. पश्चिम विभागात पहिला आलेला कॅन्सस सिटीचा संघ ९२ सामने जिंकून पुढे खेळला. ९९ जिंकलेला बोस्टन घरी बसला. हे न्याय्य होते काय? अनेकांनी तेव्हाही तक्रार केली. मला मात्र ही रचना कठोर असली तरी खोटी वाटत नाही. दोन्ही संघांनी प्रत्येकी ६३ सामने गमावले होते. त्यांतला कोणताही एक, एप्रिलच्या थंडीत रिकाम्या बाकांसमोर कंटाळून हरलेला एखादा, बोस्टनने जिंकला असता तर २ ऑक्टोबरचा सामना झालाच नसता. डेंटला आज कोणी ओळखले नसते आणि पिनेलाच्या हातमोज्याची किंमत शून्य झाली असती. त्या एप्रिलच्या सामन्यात आणि या सामन्यात वहीच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. वर्षभर वर्ग बुडवून परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांना हा हिशेब जरा झोंबणारा आहे. असो.

पुढे यांकीजनी कॅन्सस सिटीला ३-१ असे हरवून पताका मिळविली आणि लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना ४-२ असे हरवून वर्ल्ड सीरीजही जिंकली. त्या मालिकेत सर्वोत्तम खेळाडू ठरला पुन्हा बकी डेंट. बोस्टनमध्ये त्याच्या नाव-आडनावाच्या मध्ये एक शिवी घालूनच त्याचा उल्लेख करण्याची प्रथा पडली, ती तेथील आज्यादेखील पाळीत असे म्हणतात. रेड सॉक्सनी वर्ल्ड सीरीज जिंकली होती ती १९१८ साली; पुढली जिंकायला २००४ उजाडावे लागले. यास्ट्रझेम्स्की १९८३ मध्ये निवृत्त झाला, विश्वविजेत्या संघात एकदाही न खेळता. थर्मन मन्सन पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७९ मध्ये, स्वतःचे छोटे विमान चालवीत असता अपघातात गेला. डेंट काही वर्षांनी यांकीजचाच प्रशिक्षक झाला, आणि १९९० साली संघ हरू लागल्यावर मालकाने त्याला कामावरून काढले, ते संघ बोस्टनला आला असताना, त्याच फेनवे पार्कमध्ये.

नियमही बदलले. १९९५ पासून विभागात दुसऱ्या आलेल्या संघालाही पुढे जाण्याची एक वाट उघडी झाली, आणि ती पुढे रुंदच होत गेली. आज ९९ सामने जिंकणारा संघ घरी बसत नाही. बरोबरी झाली तर जादा सामना खेळण्याची पद्धत २०२२ पासून बंद झाली. आता दोन्ही संघांची आपसांतली कामगिरी काढून कागदावरच निकाल लावतात. अशा प्रकारचे शेवटचे दोन सामने १ ऑक्टोबर २०१८ रोजी, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथे झाले.